मुळ्यांची रात्र

मुळा ही काही मुद्दाम बघायला जायची चीज नव्हे. त्यामुळे मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात २३ डिसेंबरला फक्त मुळे बघायला म्हणून रांगेत उभी राहिले, तेव्हा माझं मलाच हसू येत होतं. दोन तासांनी रांग जेमतेम अर्धी सरकली, तेव्हा ते हसूही आटलं.

‘नोचे दे राबानोस’ म्हणजे मुळ्यांची रात्र. सोकालोत, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, दरवर्षी याच दिवशी मुळे कोरण्याची स्पर्धा भरते. मुळा मूळचा तिथला नाहीच, तो सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आला. नाताळच्या तोंडावर भरणाऱ्या बाजारात खारवलेले मासे आणि भाजी विकणारे लोक गिऱ्हाइकाची नजर वळावी म्हणून मुळ्यांना नाक-डोळे काढू लागले, असं सांगतात. १८९७ मध्ये नगराध्यक्ष फ्रान्सिस्को वास्कोन्सेलोस यांनी त्याची रीतसर स्पर्धा करून टाकली. मासे मागे पडले, मुळे राहिले.

एकदाची मांडणीपाशी पोचले आणि आधी थक्क झाले ते आकाराने. कोपरापासून मनगटापर्यंत भरतील एवढे लांब, आणि जाड. खास या रात्रीसाठी ते नगरपालिकेच्या जमिनीवर पिकवतात, भरपूर खत घालतात आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दिवस जमिनीत ठेवतात. मग ते वाटेल तसे फुगतात, फाटे फुटतात, पिळवटतात. खाण्याच्या कामाचे ते नसतातच. पण कोरणाऱ्यांना असलेच वेडेवाकडे मुळे हवे असतात. एका बाईंना मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, तर त्यांनी दुफाट्या मुळ्याकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या दोन पायांकडे. नाचणारा माणूस तिथे आधीच होता, त्यांनी फक्त त्याला कपडे घातले होते.

आणि काय कपडे! लाल साल पातळ सोलली की खालचा पांढरा गर दिसतो, तेवढ्यावर सगळी जादू. लाल झग्याला पांढरी लेस, खांद्यावर उचलून धरलेल्या सालीची शाल, मुळांच्या तंतूंची मेंढपाळाला दाढी. जोड द्यायला दात कोरायच्या काड्या. गव्हाणीतला बाळ येशू तर ठिकठिकाणी होता. पण मला खिळवून ठेवलं ते पिसांचे मोठे मुकुट घातलेल्या नर्तकांनी. मुकुटातलं एकेक पीस सालीचं, कागदासारखं पातळ.

खिळवून म्हणजे काय, अर्ध्या मिनिटापुरतं. मागून रांग ढकलत असते.

सोललेला मुळा हवेवर सुकतो, काळवंडतो. म्हणून प्रत्येक टेबलामागे कोणीतरी पाण्याचा फवारा घेऊन उभं. मी पोचेपर्यंत अंधार पडला होता आणि एका देवदूताचे पंख खाली लोंबायला लागले होते. सात-आठ वर्षांची एक मुलगी त्याच्यावर इतकं पाणी मारत होती की देवदूत ठिबकत होता. लवकर यायला हवं होतं, एवढं मात्र खरं. तुम्ही गेलात तर दुपारीच रांग धरा.

शेजारी आणखी दोन विभाग होते, मक्याच्या कणसांच्या वाळक्या सालींच्या बाहुल्यांचा आणि सुकवलेल्या फुलांच्या मूर्तींचा. त्या फुलाचं नावच ‘अमर फूल’. सुबक होतं सगळं, पण मी भराभर पुढे गेले. फुलांना काही घाई नव्हती.

बाहेर पडल्यावर बुन्युएलो खाल्ला. पापडासारखी पातळ, तळलेली कुरकुरीत पोळी, वर गोड पाक, आणि सगळं मातीच्या वाडग्यात. नाताळात खाऊन झालं की वाडगा आपटून फोडायचा, ही तिथली रीत. आजूबाजूला खापऱ्यांचा खच पडलेला. तरी चांगला धड वाडगा फोडायला हात धजेना. शेवटी डोळे मिटून भिरकावला.

फुटला नाही. गडगडत गेला, आणि कुणाच्या तरी पोराने तो उचलून आदबीने माझ्या हातात आणून दिला.