मामांचं जेवायचं टेबल

कॉलेजने आम्हाला आधीच एक कागद पाठवला होता, त्यावर एकच ओळ, 'केमिस्ट्री विभागात कोणताही किरणोत्सर्गी सोर्स नाही', खाली एचओडींची, म्हणजे विभागप्रमुखांची, सही आणि शिक्का. २०१० चा ऑगस्ट होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीचं मायापुरी प्रकरण बाहेर आलं होतं. विद्यापीठाच्या लॅबमध्ये १९८५ पासून बंद पडून असलेलं गॅमा सेल नावाचं रेडिएशनचं मशीन लिलावात भंगारात गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं, आतलं किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० सुटं झालं, एकाने तर एक चकचकीत तुकडा पाकिटात घालून ठेवला. बरेच जण आजारी पडले आणि एक माणूस गेला. त्यानंतर ठिकठिकाणी कॉलेजं आपापली जुनी कपाटं उघडून बघायला लागली. मी तेव्हा एका संशोधन संस्थेत आरएसओ होते, म्हणजे रेडिऑलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, आणि या कॉलेजने आमच्या संस्थेला विनंती केली होती की एकदा येऊन बघून जा, म्हणजे वर कळवायला बरं.

माझी ज्युनिअर आणि मी सकाळी साडेदहाला पोचलो. बरोबर खोलीतलं रेडिएशन मोजायला एक सर्व्हे मीटर, सांडलेलं शोधायला एक कंटॅमिनेशन मॉनिटर, अल्फाचा प्रोब, हातमोजे, मास्क, फिल्टर पेपरचे गोल तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या. गेटपाशीच बॅकग्राउंड, म्हणजे आजूबाजूला असतंच ते रेडिएशन, मोजून घेतलं, ताशी ०.१ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास, म्हणजे नेहमीसारखं.

फिजिक्स विभागाचं काम पाऊण तासात झालं. बीएस्सी, एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला लागणारे बटणाएवढे डिस्क सोर्स शिशाच्या डब्यात, डबा कुलपात, रजिस्टरमध्ये चार आणि डब्यातही चार. चांगलं ठेवलं होतं, तसं त्यांना सांगितलंही.

केमिस्ट्रीचं मेन स्टोअरही ठीक होतं. पोटॅशियम क्लोराइडच्या मोठ्या बरणीजवळ प्रोब नेल्यावर टकटक थोडी वाढली, ती वाढायलाच हवी, पोटॅशियममध्ये निसर्गतःच थोडं पोटॅशियम-४० असतं. तिथल्या मुलांना ते दाखवलं, म्हणजे मशीन वाजलं की घाबरायचं नाही, का वाजलं ते शोधायचं, हे त्यांना कळावं म्हणून.

मग लॅबच्या मागची प्रिपरेशन रूम. लांबट खोली, एक खिडकी, भिंतीला लाकडी कपाट, कपाटापुढे एक टेबल आणि स्टूल. एक वाजत आला होता, लॅब अटेंडंट मामा डबा सोडत होते. वय पन्नाशीच्या पुढे, त्याच विभागात तीस वर्षं नोकरी. त्यांनी पिशवीतून फडकं काढलं, टेबल पुसलं, फडकं घडी करून परत पिशवीत ठेवलं आणि डबा मांडला. मी दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा मीटरवर ०.३ होतं, दोन पावलांनी १, मामांच्या स्टुलाशी ४ आणि कपाटाच्या दाराला लावल्यावर १२. ज्युनिअरने माझ्याकडे बघितलं. मी मामांना म्हटलं, मामा, आज जरा बाहेर व्हरांड्यात बसून जेवता का, आम्हाला इथे काम आहे. ते काही न विचारता उठले.

कपाटात खालच्या फळीवर, जुन्या फिल्टर पेपरच्या खोक्यांमागे, तपकिरी काचेच्या सहा बाटल्या. लेबलं पिवळी पडलेली पण वाचता येत होती, थोरियम नायट्रेट, ५०० ग्रॅम, पॅकिंग १९८१. एका बाटलीला मीटर टेकवला तर चाळीसच्या वर. एचओडी सर मागे येऊन उभे होते, ते म्हणाले, "अहो मॅडम, पण हे केमिकल आहे, सोर्स नाही."

त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. कितीतरी शिक्षकांच्या डोक्यात हीच विभागणी असते, सोर्स म्हणजे फिजिक्सवाल्यांची डिस्क किंवा शिशाचं मोठं मशीन, आणि फळीवरची बाटली म्हणजे रिएजंट. थोरियमला ते माहीत नसतं ना. थोरियम आणि युरेनियम किरणोत्सर्गी, त्यांचे क्षार तेव्हा भारतात अणुऊर्जा कायद्याखाली यायचे, दुकानातून आणून विसरून जायची ती वस्तूच नाही. पण १९८१ ला या बाटल्या आल्या त्यामागे काम मात्र चांगलं होतं. सरांनीच सांगितलं, तेव्हा विभागात विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजायचे. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, दात आणि हाडं खराब होतात, तिकडचे नमुने यायचे. तेव्हा फ्लोराइड मोजायचं म्हणजे थोरियम नायट्रेटचं टायट्रेशन, इंडिकेटर अ‍ॅलिझारिन रेड. पुढे फ्लोराइडचा इलेक्ट्रोड आला, टायट्रेशन बंद झालं आणि उरलेल्या बाटल्या मागे सरकत सरकत भिंतीला लागल्या.

आणि जुन्या थोरियमची एक गोष्ट अशी की ते वर्षं जातील तसं जास्त वाजतं. कारखान्यात शुद्ध करताना त्यातलं रेडियम निघून जातं, त्यामुळे पहिली काही वर्षं गॅमा, म्हणजे काचेतूनही आरपार येणारा किरण, कमी कमी होत जातो, पण मग रेडियम-२२८ पुन्हा तयार व्हायला लागतं आणि पंचवीस-तीस वर्षांत थोरियमपासून एकामागून एक तयार होणाऱ्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांची सगळी साखळी जवळजवळ पूर्ववत होते. थोरियमचं स्वतःचं अर्धआयुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं, त्यामुळे थांबून संपेल अशी आशाच नाही. म्हणजे १९८५ साली कुणी मीटर घेऊन आलं असतं तर त्याला आमच्यापेक्षा कमी आकडा दिसला असता.

मी स्टुलावर बसले, मामा बसतात तशी, पाठ कपाटाकडे करून, आणि मीटर पाठीशी धरला. ४. रोज एक तास, वर्षाला अडीचशे दिवस, म्हणजे वर्षाला हजार मायक्रोसीव्हर्ट, एक मिलिसीव्हर्ट. ज्यांचं काम रेडिएशनशी नाही अशा सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादाच एक मिलिसीव्हर्ट आहे. आमच्यासारख्या रेडिएशन मोजणारा बॅज लावून काम करणाऱ्यांना सरासरी वीसपर्यंत चालतं, आणि नुसत्या निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी २.४ च्या आसपास मिळतंच, तेव्हा हा आकडा काही कुणाला आजारी पाडणारा नव्हता. पण आमच्या छातीवर बॅज असतो, दर तीन महिन्यांनी त्याचा हिशोब येतो. मामांचा हिशोब कुणी ठेवला होता?

खरं काम पुढेच होतं. बाटलीतून येणारा गॅमा, बाटली हलवली की गेला. मला भीती होती ती पावडर सांडलेली असण्याची. अल्फा देणारी वस्तू बाहेर असते तोवर कातडीसुद्धा तिला अडवते, पण तीच नाकातोंडातून आत गेली की हाडात जाऊन बसते. म्हणून फिल्टर पेपरच्या तुकड्यांनी आठ जागा पुसल्या, कपाटाची फळी, दार, दाराची मूठ, खिडकीची कड, जमीन दोन ठिकाणी, स्टूल आणि टेबल. सगळे तुकडे फिजिक्सच्या किरण मोजणाऱ्या जीएम काउंटरवर शिशाच्या जाड पेटीत ठेवून मोजले. बॅकग्राउंड मिनिटाला २२. संध्याकाळी पाच वाजता फळी ६१०, मूठ १९०, टेबल १४३, बाकी सगळं बॅकग्राउंडच्या जवळपास.

सर एकदम घाबरले, म्हणाले सगळी खोली खराब झाली का. मी म्हटलं आत्ता काहीच बोलू नका, उद्या सकाळपर्यंत थांबू. खोलीला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे ठेवली आणि आम्ही गावातच लॉजवर राहिलो.

थांबायचं कारण असं की थोरियमच्या साखळीत थोरॉन नावाचा वायू येतो. तो छप्पन्न सेकंदांत निम्मा होतो, पण तेवढ्यात जुन्या सैल झाकणातून बाहेर निसटतो आणि त्याच्यापासून झालेलं लेड-२१२ आजूबाजूला चिकटून बसतं. पावडरचा एक कण सांडलेला नसला तरी फळी वाजते. फक्त हे लेड-२१२ साडेदहा तासांत निम्मं होतं. म्हणजे रात्रभरात आकडा एक तृतीयांशावर आला तर ती वायूची करामत, आपोआप जाणार. आणि आकडा तसाच राहिला तर ती पावडर.

सकाळी नऊला तेच तुकडे परत पेटीत ठेवले. फळी २२८. मूठ ८३. बॅकग्राउंडचे २२ वजा केले की बरोब्बर एक तृतीयांशाच्या हिशोबात, ज्युनिअरचा चेहरा खुलला. मग टेबलाचा तुकडा ठेवला.

१३९.

परत मोजला. १४१. उघड्या कपाटाची फळी, जिच्यावर सहा बाटल्या तीस वर्षं उभ्या होत्या, ती साफ, आणि ज्या टेबलावर माणूस रोज भाकरी खातो ते खराब.

मामा दारात उभे होतेच. मी त्यांना विचारलं, हे टेबल पहिल्यापासून इथेच आहे का. ते म्हणाले, "हो मॅडम, पहिल्यापासून. आधी याच्यावर काटा होता ना. सगळे मास्तर हितंच वजन करायचे. मग नवीन इलेक्ट्रॉनिक काटा आला, तो एसीच्या खोलीत गेला, टेबल रिकामं झालं म्हणून मी जेवायला घेतलं."

रजिस्टर, स्टॉकबुक, सरांची सही, कशातच हे नव्हतं, मामांच्या त्या दोन वाक्यांत होतं. वजन करताना स्पॅच्युलावरून चिमूटभर सांडतंच, कुणीतरी हाताने झटकतं, आणि झटकलेलं जातं कुठे तर टेबलाच्या कडेला. टेबलाला वर सनमायका आणि कडेने लाकडी पट्टी ठोकलेली होती, दोन्हींच्या मध्ये नखाएवढी फट. मी अल्फाचा प्रोब टेबलाच्या मधोमध फिरवला, काही नाही. कडेला आणला, फटीपासून अगदी दोन-तीन मिलिमीटरवर, आणि टकटक सुरू झाली. मध्ये साधा कागद धरला की बंद, कागद काढला की सुरू. अल्फाच. काट्याचे पाय जिथे टेकत त्याचे चार गोल डाग अजून सनमायकावर होते आणि त्या डागांच्या उजव्या बाजूची हातभर पट्टीच तेवढी वाजत होती, म्हणजे उजव्या हाताने वजन करणाऱ्यांची बाजू.

मग मामांचा डबा बघितला. झाकण, कड्या, बूड, सगळं साफ. पिशवी साफ. फडकं वाजलं, फार नाही, पण वाजलं. तेच फडकं रोज टेबलाच्या कडेपर्यंत फिरायचं आणि डब्याशेजारी पिशवीत राहायचं.

मामांनी ते फडकं माझ्या हातात बघितलं आणि विचारलं, "घरी नात आहे दीड वर्षाची, मी गेल्या गेल्या तिला उचलतो. तिला काय होईल का?" मी त्यांचे हात, शर्टाच्या बाह्या, खिसे, चपला सगळं त्यांच्यासमोर प्रोबने तपासलं, प्रत्येक वेळी आकडा त्यांना दाखवला. काही नव्हतं. तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की टेबलावर जे आहे ते अगदी थोडं आहे, पण तोंडावाटे आत जायला नको म्हणून आम्ही एवढं करतोय, आणि तुमची तपासणी व्हावी असं मी लिहून देणार आहे. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांना समजावं म्हणून गॅसबत्तीची गोष्ट सांगितली, पूर्वी लग्नात वराती पुढे असायची ती, तिचं जाळीचं मेंटल जळून पांढरं व्हायचं ते थोरियमचंच. मामा म्हणाले, "म्हणजे ते मेंटल फुटल्यावर आम्ही पोरं बोटाने चुरडायचो, तेच होय?" हो, तेच.

पट्टी मी स्वतःच काढली. आधी पाण्याने भिजवली, धूळ उडायला नको म्हणून, मास्क लावून स्क्रू ड्रायव्हरने एकेक खिळा उचकटला. पट्टी सुटल्यावर सनमायकाच्या कडेला मळकट पांढरी रेघ दिसली, दिवाळीनंतर उंबऱ्याच्या कोपऱ्यात जुनी रांगोळी राहून जाते तशी. ओल्या टिश्यूने बाहेरून आत पुसत गेलो, एक टिश्यू एकदाच, लगेच पिशवीत. चौथ्या वेळेला तिथला आकडा बॅकग्राउंडला आला. पट्टी, टिश्यू, फडकं, हातमोजे, सगळं दुहेरी पिशवीत, वर लेबल. बाटल्या झाकणं घट्ट करून ट्रेमध्ये, कुणाचा वावर नाही अशा हवेशीर कुलपाच्या खोलीत, दारावर चिन्ह. ना बेसिनमध्ये ओतायच्या, ना भंगारात द्यायच्या, अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवून रीतसर निघेपर्यंत तिथेच.

दुपारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये वाद झाला. रिपोर्टमध्ये बाटल्यांचं लिहा म्हणाले, पण टेबलाचं आणि शिपायाचं कशाला, साफ तर झालंय, उगाच पेपरात येईल. मला त्या वेळी फार राग आला. बाटल्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं, टेबलावर एक माणूस जेवत होता. मी म्हटलं, रिपोर्टमधून टेबलाचं काढायचं असेल तर माझी सही मिळणार नाही. अर्ध्या तासाने त्यांनी मान्य केलं, आणि मामांच्या तपासणीचं पत्रही माझ्यासमोर टाइप झालं.

नोव्हेंबरमध्ये परत गेलो. सरांनी तोवर झूलॉजीचंही कपाट स्वतः उघडून बघितलं होतं, तिथे युरेनियमचा क्षार असलेल्या युरेनिल अ‍ॅसिटेटची एक छोटी बाटली मिळाली, तीही त्यांनी नोंदवून वेगळी ठेवली होती. प्रिपरेशन रूममध्ये टेबल आणि कपाट दोन्ही साफ होतं. मामांना स्टाफरूमशेजारी जेवायला जागा मिळाली होती. आम्ही निघताना ते पिशवी घेऊन आले, आतून नवं कोरं फडकं काढलं, टेबलावर पसरलं आणि म्हणाले, "मॅडम, हे पण एकदा बघून घ्या." मी प्रोब काढला, चारी कोपऱ्यांवरून सावकाश फिरवला आणि आकडा त्यांच्याकडे वळवून धरला.