नुसतं उभारायला शिकतोय : अकरा महिन्यांची वही

सांगलीत माझं औषधाचं दुकान आहे. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेनऊ, दुपारचे दोन तास सोडले तर मी उभाच असतो. त्यामुळं 'पहाटे उठून उभं राहण्याचा सराव सुरू केलाय' असं घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "मग दिवसभर दुकानात काय करता?" तिनं चेष्टेत विचारलं होतं. अकरा महिने झाले, माझी वही अजून त्या प्रश्नाभोवतीच फिरतेय.

चान-च्वांग, बादुआनजिन, ताई-ची असले उभं राहण्याचे, सावकाश हालचालींचे चिनी सराव घरच्या घरी, गुरूशिवाय करत बसलेल्या मंडळींसाठी त्या वहीतलं थोडं इथं उतरवतोय. ज्यांना गुरू भेटलाय त्यांनी हसत हसत वाचावं.

जानेवारी. 3 मिनिटं.

गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. पाय खांद्यांच्या रुंदीएवढे फाकलेले, गुडघे किंचित सैल. माकडहाड उंच स्टुलावर टेकायला निघाल्यासारखं खाली सोडायचं, टाळूला दोरा बांधून कुणी वर धरलंय असं डोकं ठेवायचं, आणि हात छातीपुढं, मोठा माठ कवेत घेतल्यासारखे. वाचायला सोपं आहे. दीड मिनिटात माझे खांदे कानांना भिडले, अडीच मिनिटांत मांड्या लटपटायला लागल्या. मोबाइलचा गजर ऐकून इतका आनंद जन्मात झाला नव्हता.

चान-च्वांग म्हणजे खांबासारखं, रोवलेल्या खुंटासारखं उभं राहणं. चिनी युद्धकलांत हा सराव जुनाच. वांग श्यांगचाई (1885–1963) या उस्तादानं ठरावीक हालचालींचे साचे बाजूला सारले आणि हे उभं राहणंच आपल्या यी-छ्वान या युद्धकलेच्या मुळाशी ठेवलं. पक्के ताओपंथी (ताओ म्हणजे 'वाट', त्यावर उभा राहिलेला जुना चिनी विचार मानणारे) म्हणतील, हा तर पैलवानी सराव, यात ताओ कुठं आला? त्या वादात मी पडत नाही. च्वांगत्से या जुन्या ताओवादी विचारवंताच्या ग्रंथात म्हटलंय की खऱ्या माणसाचा श्वास टाचांतून येतो, बाकीच्यांचा घशातून. ते वाचून मी या नादाला लागलो. दहा तास टाचा झिजवणाऱ्याला दुसरं काय लागू पडणार?

फेब्रुवारी. 8 मिनिटं, मग एकदम शून्य.

थरथर थांबावी म्हणून एका पहाटे मी गुडघे मागं ढकलून ताठ केले. छान वाटलं. मांड्या गप्प झाल्या, चला, जमलं म्हणेपर्यंत डोळ्यांपुढं अंधारी आली. टाकीचा पाइप धरून खाली बसलो म्हणून निभावलं.

याचं कारण मला माहीत असायला हवं होतं, कारण तेच मी काउंटरवरून लोकांना सांगत असतो. पायांतलं रक्त वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखं काम करतात आणि शिरांतल्या झडपा ते परत खाली घसरू देत नाहीत. स्नायू हललेच नाहीत तर रक्त पायांतच साचतं. परेडला ताठ उभी राहिलेली पोरं चक्कर येऊन पडतात ती बऱ्याचदा यामुळंच. गुडघ्याला कुलूप घातलं की हाडांवर हाड बसतं, स्नायूंना काम उरत नाही, आणि त्यालाच आपण आराम समजतो.

त्या दिवशी दुकानात स्वतःवर पाळत ठेवली. सगळा भार डाव्या पायावर, डावा गुडघा कुलूपबंद, उजवं कोपर काउंटरवर. एक गिऱ्हाईक गेलं की पुन्हा तसंच. माझ्या डाव्या पोटरीवर निळ्या गाठी का आणि उजवीवर का नाहीत, याचं उत्तर शोधायला मला बावीस वर्षं आणि एक चक्कर लागली. (अर्थात गाठींना आनुवंशिकताही असते. वडिलांनाही होत्या. पण वडीलही याच काउंटरमागं उभे होते.)

मार्च. 10 मिनिटं.

गुडघ्याच्या गोळ्या न्यायला येणारे एक जुने पैलवान आहेत, सत्तरीच्या पुढचे. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी काउंटरमागं हात खाली सोडून नुसता पायांचा सराव करत होतो. ते दारातूनच म्हणाले, "काय ओ डॉक्टर, असं का उभारलाय?"

पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं माणूस उभा राहत नाही, उभारतो. एसटीची वाट बघत उभारतो, रांगेत उभारतो. पुण्यात शिकायला होतो तेव्हा या शब्दावरून पोरं माझी टिंगल करायची. आता गुढीपाडव्याच्या महिन्यात जाणवलं की हाच शब्द बरोबर आहे. काठी नुसती उभी राहत नाही, ती कुणीतरी तोलून, सावरून उभारावी लागते.

पैलवानांना सांगितलं, खांबासारखं उभारायचा सराव आहे. ते हसले. "खांब ठोकल्यागत उभारणारा गडी पहिला पडतोय." असं म्हणून त्यांनी काउंटरवरून हात लांब करून एका बोटानं माझा खांदा ढकलला. मी मागच्या कपाटावर आदळलो, खोकल्याच्या दोन बाटल्या फुटल्या. त्यांनी पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. शिकवणीची फी समजलो.

एप्रिल. 10 मिनिटं उभारणं + बादुआनजिन.

बादुआनजिन म्हणजे किनखापाचे आठ तुकडे, आठ हालचालींचा संच. सुंग राजवटीच्या काळातल्या लिखाणात त्याचं नाव सापडतं. 2003 साली चीनमध्ये आरोग्य-छीगोंगचे (श्वास आणि हालचालींच्या चिनी व्यायामाचे) चार संच प्रमाणित करण्यात आले, त्यातला हा एक. हालचालींची नावंच अशी की नुसती वाचून अंगात वारं शिरावं: दोन्ही हातांनी आभाळ उचला, धनुष्य ओढून ससाण्यावर नेम धरा, डोकं डोलवा आणि शेपूट झटका.

मी आठही करून बघितल्या. त्यातल्या तीन माझ्याकडं टिकल्या, बाकीच्या टाळाटाळीत गेल्या. सर्वांत लाडकी शेवटची. टाचा उचलायच्या, क्षणभर थांबायचं, टाचा हलकेच आपटू द्यायच्या. सात वेळा. यानं शंभर आजार पळतात असं तिच्या नावातच आहे. शंभराची हमी मी देत नाही, पण पोटरीचा पंप चालवायला यापेक्षा स्वस्त उपाय माझ्या दुकानात नाही. दर तासाला सात. दुकानातला पोरगा आता घड्याळ बघून ओरडतो, "दादा, टाचा!"

मे. पुतणीचं लग्न. शून्य.

जून. 12 मिनिटं.

उताविळपणा नडला. एका व्हिडिओत उलटा श्वास बघितला. म्हणजे श्वास घेताना पोट आत, सोडताना बाहेर. ताओवादी सरावात तो आहे, पण पुढच्या पायरीचा. मी तो जोर लावून, अधूनमधून रोखून धरत आठवडाभर केला. डोकं जड, कानशिलं ठणकायला लागली, रक्तदाब मोजला तर नेहमीपेक्षा वर. बंद केला. साधा श्वास, आपण होऊन येईल तसा. बास.

दुकानात हा विषय निघाला की लोक हमखास विचारतात, मग ब्लडप्रेशरची गोळी बंद करू का? नाही. मी स्वतः रोज सकाळी घेतो. गोळी कमी-जास्त करायची ती डॉक्टरनं.

जुलै. 15 मिनिटं, त्यातली शेवटची 5 बसून.

'दान-तिएनवर लक्ष ठेवा' असं सगळीकडं लिहिलेलं असतं. म्हणजे पोटातली ती जागा, जिथं शक्ती साठते आणि उबदार चेंडूसारखी जाणवते म्हणतात. बेंबीखाली तीनेक बोटं, आत. मला तिथं कधी काही सापडलंच नाही, ना ऊब ना चेंडू.

रविवारी हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला गेलो. कृष्णा-वारणेचा संगम बघून परत येताना एका नातेवाइकांकडं चहाला थांबलो आणि बोलणं हळदीच्या पेवांवर गेलं. हरिपूरची पेवं ज्यांनी बघितली नाहीत त्यांच्यासाठी: जमिनीत खोल खणलेली कोठारं, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली मोठं पोट. हळद त्यात भरून तोंड मातीनं बंद करायचं. 2005 च्या पुरानं त्यांतली कितीतरी निकामी झाली. नातेवाईक सांगत होते, पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नाही. आधी उघडं ठेवायचं, हवा खेळू द्यायची, मग आत जायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसलो तेव्हा चेंडू शोधला नाही. पोटात पेव आहे, तोंड उघडं आहे आणि मी अजून काठावरच बसलोय, एवढंच धरलं. पहिल्यांदा काहीतरी जमलं. 'ताओ ते चिंग' या ताओवाद्यांच्या मूळ ग्रंथात लाओत्से अकराव्या प्रकरणात म्हणतो की मडकं कामाला येतं ते आतल्या पोकळीमुळं. त्याला पेव माहीत असतं तर मडक्यावर भागवलं नसतं.

ऑगस्ट.

या महिन्यात मिनिटं लिहिलेली नाहीत. वहीत आकडे आहेत ते आयर्विन पुलापाशी मोजलेल्या कृष्णेच्या पातळीचे. 40 फूट इशारा, 45 धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं आणि आमच्या दुकानात मधल्या फळीपर्यंत आलं होतं.

'ताओ ते चिंग'चं आठवं प्रकरण तुम्हा सगळ्यांचं आवडतं असणार. सर्वांत उत्तम ते पाण्यासारखं. पाणी सगळ्यांचं भलं करतं, कुणाशी झगडत नाही, आणि लोकांना नकोशा वाटणाऱ्या सखल जागी जाऊन राहतं. सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात बसून हे वाचताना जरा वेगळं लागतं. सखल जागी पाणीच राहतं असं नाही, आम्हीही राहतो.

आईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे तर आपल्या तुकोबांचं, "महापुरें झाडें जाती, तेथें लव्हाळे वाचती." मग थोडं थांबून म्हणाली, "पण लव्हाळ्याला औषधाचं दुकान नसतंय." माझ्या अकरा महिन्यांच्या वाचनातली ही सर्वांत चांगली टीका.

पाणी चढायला लागलं त्या रात्री माल वर हलवला. पहिला मान इन्सुलिनचा. ते 2 ते 8 अंशांतच ठेवायचं, वीज गेली की बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही. गोठलं की वाया. मग सलाइनचे खोके, मग बाकीचं. मी, पोरगा आणि शेजारचा चपलांचा दुकानदार, साडेतीन तास. 2019 ला हेच काम करून मी चार दिवस अंथरुणात होतो. यंदा प्रत्येक खोक्याला गुडघे सैल, माकडहाड खाली, भार टाचांतून. मुद्दाम नव्हे, घाईत आठवायला वेळच नव्हता. पाय आपले आपण वाकत होते. वू-वेईला, म्हणजे जोर न लावता आपसूक होऊ देण्याच्या ताओवादी कल्पनेला, कुणी 'काही न करणं' म्हणतं तेव्हा मला आता ते साडेतीन तास आठवतात.

पाणी इशारा पातळीच्या अलीकडंच थांबलं. सगळे खोके पुन्हा खाली.

त्या आठवड्यात नळाला गढूळ पाणी यायचं. आईनं जुन्या सवयीनं पिंपात तुरटी फिरवली. थोड्या वेळानं गाळ तळाला बसतो, मग वरचं काढून उकळायचं. पंधराव्या प्रकरणात लाओत्से विचारतो, गढूळ पाणी स्तब्ध ठेवून हळूहळू निवळू देणं कुणाला जमतं? तुरटीचा तो उल्लेखही करत नाही. तेव्हा लक्षात आलं की बसायला गेलो की मी सारखी तुरटीच फिरवत असतो. श्वास मोज, पेव आठव, आज किती मिनिटं झाली ते बघ. एका संध्याकाळी काहीच न फिरवता बसलो. मालाचं नुकसान, हप्ता, पोराची फी, सगळं वर-खाली होत राहिलं. निवळलं का? नाही. उठल्यावर घड्याळात 22 मिनिटं झाली होती एवढंच.

सप्टेंबर-ऑक्टोबर. 6 मिनिटं. मग 4.

आकडा उतरतोय आणि मी तो लपवणार नाही. पहाटे गच्चीवर जाणं कमी झालं, कारण दिवसभरच तुकड्या-तुकड्यानं उभारतोय. कार्ड मशीन पावती बाहेर टाकेपर्यंत दोन्ही पाय सारखे. गिऱ्हाईक फोनवर डॉक्टरशी बोलत असताना खांदे खाली. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नसताना (हा मोठा सराव आहे) जबडा सैल. अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात आहे, विद्येत रोज काही वाढतं, ताओत रोज काही घटतं. ते वाचून मी आळसाला शास्त्राधार शोधतोय का, असा संशयही येतो. म्हणून गच्चीवरची 4 मिनिटं सोडलेली नाहीत.

पायांचं म्हणाल तर संध्याकाळची सूज कमी आहे, मोज्याचा वळ आता उठत नाही. निळ्या गाठी होत्या तशाच आहेत.

नोव्हेंबर.

काल पैलवान गोळ्यांना आले. माझ्याकडं बघितलं, काही न बोलता पुन्हा एक बोट खांद्याला लावलं. मी एक पाऊल मागं गेलो, कपाटाला पाठ लागली. बाटल्या फुटल्या नाहीत.

"गडी पडलाच की," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले, "पण आवाज कमी आला." आणि गोळ्यांचे पैसे पुढच्या आठवड्यात देतो म्हणून गेले.