शारजाहून वीकेंडला इंदूर: फक्त दोस्तांना भेटायला जायचं असेल तर

शारजात जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शुक्र-शनि-रवि अशी तीन दिवस असते आणि आमच्या ऑफिसनेही तेच धरलंय, त्यामुळे गुरुवारी काम संपवून निघालं की रविवारपर्यंत मोकळे. दुबईवाल्यांना शुक्रवारी दुपारपर्यंत काम, म्हणजे त्यांनी अर्धा दिवस कमीच धरावा. आम्ही मूळचे इंदूरचेच, पण आई-बाबा आता भावाकडे पुण्याला असतात, लोकमान्य नगरचं घरही विकलं, तेव्हा इंदूरला जायचं म्हणजे आता फक्त कॉलेजच्या टोळक्यासाठी. आणि खरं सांगू, आई-बाबांकडे जाण्यापेक्षा याला जास्त प्लॅनिंग लागतं.

आधी विमान. शारजाहून इंदूरला थेट फ्लाइट असते पण रोज असेलच असं नाही, सीझनप्रमाणे वारही बदलतात, म्हणून पहिले तिकीट बघा आणि मग ग्रुपवर तारीख टाका, उलटं करू नका. मुंबईमार्गे आलात तर इमिग्रेशन आणि कस्टम मुंबईलाच होतं, बॅग पट्ट्यावरून उचलून परत चेक-इन करावी लागते, तर मध्ये तीनेक तास तरी ठेवा. इंदूर एअरपोर्ट गावाला लागूनच आहे, ती एक चैन आहे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे माणसं. तुम्ही येताय हे कळलं की प्रत्येक जण घरी जेवायला बोलावणार, आणि "जेवायला नको रे, नुसता चहा घेतो" म्हटलं तरी सुटका नाही, कारण इंदुरात चहा म्हणजे सोबत शेव, कचोरी, एखादी मिठाई आणि वर वहिनींचं "काहीच घेतलं नाही तुम्ही". दोन-तीन घरं झाली की तुम्ही आडवे. म्हणून मी सरळ ग्रुपवरच लिहून टाकतो: सकाळी पोहे छप्पनला (छप्पन दुकान, खाण्याच्या दुकानांची गल्ली), रात्री सराफा (सोनारांच्या बाजारात रात्री लागणाऱ्या खाण्याच्या गाड्या), ज्याला जमेल त्याने यायचं, मध्ये दुपारी मी फक्त म्हाताऱ्यांकडे जाणार. मित्रांच्या आई-वडिलांकडे मात्र घरीच जायचं, त्यांना छप्पनला बोलवत नसतात. रामबागेत एका मित्राच्या आईकडे गेलो तर काकूंनी दारातच विचारलं, "किती वाळलास रे, तिकडे खायला देत नाहीत का?" माझं वजन तिकडे गेल्यापासून वाढलंय.

छप्पनला सकाळी जितकं लवकर जाल तितकं बरं, नंतर रविवारी बसायला जागा मिळत नाही. इंदुरी पोहे आपल्या कांदेपोह्यांसारखे कढईत परतून ठेवलेले नसतात, खाली उकळतं पाणी आणि वर पोह्यांची परात, वाफेवर तासन्‌तास मऊ राहतात, वर शेव, कच्चा कांदा, जिरावण (इंदुरी मसाला) आणि लिंबू. जिलेबी सोबत घ्यायचीच. तिथे बाकड्यावर दोन तास गप्पा मारल्या तरी कोणी उठवत नाही. गल्फात मॉलच्या फूडकोर्टात भेटायची सवय लागलेल्या माणसाला हे म्हणजे फारच सुख.

सराफ्यात साडेनऊ-दहाच्या आधी जाऊन उपयोग नाही, सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्यासमोर गाड्या लागतात आणि मग रात्री एक-दीडपर्यंत चालू. होळकरांच्या राजवाड्याच्या बाजूला गाडी न्यायचा हट्ट करू नका, रिक्षाने जा आणि राजवाड्यासमोर भेटायचं ठरवा, आत गर्दीत कोणी कोणाला सापडत नाही. एकेक प्लेट मागवून सगळ्यांनी मिळून खायची, नाहीतर दुसऱ्या गाडीवरच पोट भरतं. जोशींचा दहीवडा खाण्याइतकाच बघण्यासारखा: द्रोण हवेत उडवून झेलायचा आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले टाकायचे. थंडीत गेलात तर गराडू (तळलेला कंद) चुकवू नका, एरवी भुट्ट्याचा कीस आहेच. साबुदाण्याची खिचडी बघून आपल्यापैकी काही जण नाक मुरडतात कारण ती तुपात परतलेली नसते, वाफवलेल्या साबुदाण्यात समोरच मसाला, लिंबू आणि फराळी चिवडा कालवून देतात. मला आपल्यापेक्षा हीच आवडते, घरी बोललो तर शिव्या बसतील.

कोणीतरी उज्जैन काढणारच. ५५ किलोमीटर तर आहे म्हणतील, पण ऑक्टोबर २०२२ ला महाकाल लोक (महाकाल मंदिराभोवतीचा नवा परिसर) झाल्यापासून गर्दी इतकी असते की दिवस रांगेत जातो आणि रांगेत गप्पा होत नाहीत. बाहेर जायचंच तर सगळे एका गाडीत बसून महेश्वरला जा, नव्वदेक किलोमीटर आहे, जातायेता गाडीतच अर्धी भेट होते आणि पुढे घाटावर नर्मदेसमोर कितीही वेळ बसा. बायकोसाठी साडी घ्यायची असेल तर तिथेच घ्या. रंगपंचमीला गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) बघायला येताय का दोस्तांशी बोलायला, ते आधी ठरवा, कारण त्या दिवशी राजवाड्याच्या बाजूला दोन्ही होत नाही.

राहायचं कुठे? मित्राकडे राहिलात तर सराफ्याहून रात्री दोनला येऊन त्याच्या आईला दार उघडायला लावणार, म्हणून आम्ही हॉटेल घेतो, आणि "घर असताना हॉटेल?" हे ऐकून घेतो. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर न्या, रात्री चांगलीच थंडी पडते.

पैशांचं म्हणाल तर पोहेवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे यूपीआय. एनआरई किंवा एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं भारतातलं बँक खातं) असेल तर यूएईच्या नंबरवरही ते चालू करता येतं, पण आपली बँक देते का ते निघायच्या आधी बघा. थोडी रोकड ठेवाच.

जाताना खजूर न्या, सगळे खूश असतात. येताना शेव आणि जिरावण बिनधास्त आणा, लोणचं चेक-इन बॅगेत, नीट बांधून. खसखस मात्र यूएईत बंद आहे, चिमूटभरसुद्धा नको, आणि कोडीनवालं खोकल्याचं औषध परवानगीशिवाय आणू नका. दिवाळीच्या सुमारास गेलात तर काकू डबाभर अनारसे देतातच, त्यावर खसखस असते हे त्यांना समजावत बसू नका, तिथल्या तिथे दोस्तांसोबत संपवा आणि रिकामा डबा धुऊन परत द्या.