कोरकू पोरं आणि सेमी इंग्लिश
आज मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत जाणं झालं. पहिलीची पोरं आपसात कोरकूत, म्हणजे त्यांच्या घरच्या आदिवासी भाषेत, नुसता धुमाकूळ घालत होती आणि सरांनी मराठीत वजाबाकी सुरू केली की सगळी चिडीचूप, त्यात आता सेमी इंग्लिश, म्हणजे प्लस मायनस पण इंग्रजीत. कोरकू ही मुंडा भाषागटातली, मराठीशी नातंच नाही, म्हणजे पहिल्याच वर्षी दोन परक्या भाषा. घटनेत प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचं कलम ३५०अ आहे, २०२० च्या शिक्षण धोरणातही मातृभाषा आहे, कागदावर सगळं झकास. पालकांना मात्र इंग्रजीच पाहिजे, आणि त्यांचं काय चुकतं सांगा, साहेबांची पोरं कुठं शिकतात ते दिसतंच ना त्यांना. एक चौथीतली पोरगी धाकट्या भावाला चिंचोके मांडून कोरकूत वजाबाकी शिकवत होती, एकदम भारी. तिलाच मानधन चालू करा राव!