शंकरपटाची माती

16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि सगळी चर्चा बैलांभोवती फिरली. कोणाकडे जोडी उरली, कोणी विकली, खिल्लार आता केवढ्याला पडतो. शंकरपट, म्हणजे विदर्भातली बैलजोड्यांची शर्यत, ज्या जमिनीवर भरायचा तिचं काय झालं, हे फारसं कोणी विचारलं नाही. शर्यतींवर बंदी आणणाऱ्या 7 मे 2014 च्या निकालानंतर कागदोपत्री तरी सात हिवाळे कोरडे गेले. एवढ्या वर्षांत बैल नवा तयार करता येतो, पण मोडलेली धावपट्टी तशी परत मिळत नाही.

विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. पुण्याकडे घाट असतो, चढावर बारी, म्हणजे एकेका गाड्याची धाव, सुटते. आपला शंकरपट सपाट आणि सरळ. एक छकडा (हलकी गाडी), एक जोडी, एक धुरकरी (हाकणारा), आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात. संक्रांतीपासून होळीपर्यंतचा मोसम. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण पट खरा जगला तो मौदा-रामटेककडच्या आणि वैनगंगेच्या पट्ट्यातल्या गावागावांत, रात्रीच्या झाडीपट्टी नाटकासोबत.

या गावांना कायमचं मैदान नव्हतंच. धान कापून झाला की सलग चार-पाच बांध्या (धानाची बांधबंदिस्त शेतं) मोकळ्या व्हायच्या, त्यांचे मधले धुरे (बांध) फोडले की पट्टी तयार. हे वाटतं तितकं सोपं नाही. धुरा फोडून माती नुसती पसरली तर त्या जागी फूट-दीड फूट भुसभुशीत भर राहते आणि पळत्या बैलाचा पाय नेमका तिथेच बसतो. म्हणून धुऱ्याची माती थराथरानं, दर थराला पाणी मारून दाबायची असते. धानाची धसकटं वखरानं निघतात. उरलीसुरली हातानं उपटावी लागतात, कारण वाळलेलं धसकट खुराच्या बेचकीत खिळ्यासारखं घुसतं.

काटोल-नरखेडकडे दुखणं वेगळं. तिथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि जानेवारीत तडकते. पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग वरून बुजवली की जागा सपाट दिसते, पण खाली पोकळी तशीच असते. आधी खोल वखरून ढेकळं फोडायची, मग ओलावून रोलर फिरवायचा, आणि वर मुरूम.

मुरमाचा हिशेब आधीच मांडा. 200 मीटर लांब, 8 मीटर रुंद पट्टी म्हणजे 1600 चौरस मीटर. त्यावर 5 सेंटिमीटर थर द्यायचा तर 80 घनमीटर, म्हणजे साधारण 28 ब्रास, तोही दाबण्याआधीचा. दाबल्यावर थर बसतो, तेव्हा चार-पाच ब्रास जास्तच धरा. मुरूम चाळलेला हवा. सुपारीएवढा खडा खुरात अडकला की बैल लंगडतो, आणि पत्री (खुराची नाल) ढिली असेल तर ती तिथेच निघते. एका बैलाला आठ पत्र्या. पटाच्या सकाळी आठही ठोकून बघायच्या.

पाण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. तेवढ्याच पट्टीला 5 मिलिमीटर पाणी म्हणजे 8000 लिटर, चार हजारी टँकरच्या दोन खेपा. ते एकदम ओतलं तर वर पापुद्रा, खाली लोणी. आदल्या संध्याकाळी तीन-चार हलक्या फेऱ्यांत शिंपडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी दोन इंच खालची माती मुठीत दाबायची. गोळा झाला पाहिजे आणि कमरेच्या उंचीवरून सोडला की फुटलाही पाहिजे. नुसता चपटा झाला तर थांबा. गोळाच होत नसेल तर धुरळा उडणार, छकड्यावरच्या धुरकऱ्याला समोरचं दिसणार नाही.

त्यानंतर चाकोरी. प्रत्येक जोडी मधूनच पळते, चाकं त्याच रेघेत जातात आणि दुपारपर्यंत दोन चर पडतात. छकडा चरातून उसळला की जू मानेवर आपटतं. दर पंधरा-वीस जोड्यांनंतर पट थांबवून वखर-रोलर फिरवला पाहिजे. प्रेक्षक ओरडतात, आयोजक बिचकतात आणि पुढच्याच फेरीत आस वाकतो.

शेवटच्या झेंड्यापुढची जागा हा जुन्या पटांचा खरा शहाणपणा होता. गवळाऊ बैल चारशे किलोंच्या वर भरतो. मराठ्यांच्या फौजेची रसद वेगानं न्यायला ही जात जोपासली, असं म्हणतात. अशी जोडी ताशी 40 किलोमीटरनं आली तर सेकंदाला 11 मीटर कापते. तिला हळू होत थांबायला निदान शंभर मीटर मोकळी, थोडी भुसभुशीत जागा लागते. आज प्लॉटांच्या लेआउटच्या कडेला भरवलेल्या पटांत नेमकी हीच जागा कापली जाते. पट्टी पूर्ण लांबीची आणि पुढे चहाच्या टपऱ्या.

त्याच 11 मीटरमुळे हातघड्याळावरचे जुने वाद कधी मिटले नाहीत. माणसाचा अंगठा 0.2 सेकंद उशिरा पडला की दोन मीटरचा फरक. सेन्सर आल्यावर वाद त्याच्या किरणाच्या उंचीवर आले: किरण फार खाली असेल तर तो पाय तोडतात, वर असेल तर मान. दोन्ही टोकांना उंची सारखीच ठेवायची, आणि ती जोड्या सुटण्याआधी सगळ्यांसमोर मोजायची.

2017 च्या राज्याच्या कायद्याखालच्या नियमांनी धावपट्टीला 1000 मीटरची कमाल मर्यादा घातली आणि काठी-चाबूक बंद केले. तुतारी गेली, म्हणजे वाजवायची नव्हे, आर लावलेली टोचायची. ते बरंच झालं. मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं हा कायदा वैध ठरवला.

लाकडी चाकांचे जुने छकडे आता कमीच, पण कोणी काढलाच तर एक लक्षात असू द्या. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि चाकावरची लोखंडी धाव (पट्टी) ढिली होते. चाक रात्रभर पाण्यात बुडवलं की लाकूड फुगतं, धाव बसते. हे न करता पळवलं तर धाव सुटून थेट गर्दीत जाते.

आता जागेचं. जिथे कालव्याचं पाणी आलं तिथे बांध्या जानेवारीत मोकळ्या नसतात, गहू किंवा उन्हाळी धान उभा असतो. नागपूरच्या जवळपासची शेतं प्लॉटांत गेली. जिथे जमीन आहे, तिथे मालक नाही म्हणतो आणि त्यात त्याची चूक नाही. पट उठला की दाबलेली पट्टी आणि 28 ब्रास मुरूम त्याच्या शेतात पडून राहतो. त्या पट्ट्यात पुढच्या वर्षी धान पिवळा पडतो. मुरूम खरवडून ट्रॉलीनं उचलणं, खोल नांगरट आणि मृगाआधी धुरे पुन्हा बांधून देणं, हा खर्च पटाच्या अंदाजपत्रकात बक्षिसांच्या वर लिहा. शक्य असेल तर त्याचे पैसे मालकाच्या हातात आधीच ठेवा.