लेकीचं कॉलेज, चहा आणि माळ

"तिथे चहा प्यायला बंदी आहे," असं लेकीने जाहीर केलं तेव्हा सासूबाई चहाच गाळत होत्या. हातातली गाळणी तशीच धरून त्यांनी विचारलं, "आजारी पाडतात की काय पोरांना?"

ही 2023 च्या पावसाळ्यातली गोष्ट. म्हणजे नगरला पावसाळा. आमच्याकडे कॅलिफोर्नियात कोरडं ऊन. लेक नुकतीच दहावी संपवून अकरावीत गेलेली. ती शाळेच्या संघातून लांब पल्ल्याचं पळते. अमेरिकेतल्या कॉलेजच्या प्रशिक्षकांना दहावीनंतरच्या 15 जूनपासून मुलांशी थेट बोलता येतं. त्या तारखेनंतर आमच्या घरातल्या फोनला आणि ईमेलला जो ऊत आला, तो पुढचं दीड वर्ष टिकला. लेकीची 3200 मीटरची वेळ दहा मिनिटं अडतीस सेकंद. चांगली, पण मोठ्या विद्यापीठांनी धावत यावं अशी नाही. विचारपूस करणाऱ्यांत निम्मी कॉलेजं ख्रिस्ती निघाली आणि आम्ही बुचकळ्यात पडलो.

खरं तर मी बुचकळ्यात पडायला नको होतं. मी स्वतः अहमदनगर कॉलेजची. डॉ. बी. पी. हिवाळ्यांनी 1947 मध्ये काढलेलं ते ख्रिस्ती कॉलेज. पण तिथे मला कधी कोणी धर्म विचारला नाही. माझ्या डोक्यात ख्रिस्ती कॉलेज म्हणजे दगडी इमारत, शिस्तीचे प्राध्यापक आणि डिसेंबरात लवकर लागणारी सुट्टी, एवढंच होतं. इथली काही कॉलेजं फार वेगळी आहेत. प्रवेशाच्या वेळी एक आचारसंहिता हातात देतात, तिच्यावर सही घेतात आणि ती मोडली तर खेळाडू असो की कोणी, बाहेर बसवतात.

चहाबंदीवालं कॉलेज म्हणजे यूटामधलं, मॉर्मन चर्चचं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ, सगळे बीवायू म्हणतात ते. त्याच्या नादाला आम्ही लागलो एका नावामुळे. तिथल्या मुलींच्या क्रॉस कंट्री (म्हणजे माळरानातून, चढउतारावरून लांब पळण्याच्या) संघाच्या प्रशिक्षक आहेत दिलजीत टेलर. पंजाबातून आलेल्या शीख आईवडिलांची मुलगी. त्यांच्या संघाने 2021 च्या मार्चमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं (करोनामुळे 2020 ची स्पर्धा तेव्हा झाली होती). आपल्या वर्णाची बाई तिथे उभी आहे, हे पाहून लेक हरखली. त्यात गाव प्रोव्हो, साधारण आपल्या महाबळेश्वरच्या उंचीवर. लांब पळणाऱ्यांना विरळ हवा म्हणजे फुकटचा खुराक.

मग आम्ही आचारसंहिता वाचायला बसलो. दारू, तंबाखू, चहा, कॉफी नाही. लग्नाआधी शरीरसंबंध नाहीत. मुलांनी दाढी वाढवायची नाही. मुलामुलींनी एकमेकांच्या घरी रात्री किती वाजेपर्यंत बसायचं, त्याची वेळ ठरलेली. रविवारी सामना नाही, सराव नाही. पदवीसाठी धर्माच्या वर्गांचे 14 क्रेडिट हवेत. हे सगळं चर्चच्या सभासदांना तसंच बाहेरच्यांनाही लागू. शिवाय सभासद नसलेल्यांना फी दुप्पट, कारण सभासदांच्या देणग्यांवर विद्यापीठ चालतं. आणि दरवर्षी एखाद्या धर्माधिकाऱ्याने मुलाखत घेऊन 'ही संहितेप्रमाणे वागते' असा दाखला द्यायचा.

चहाची भानगड अशी, की 1833 सालच्या त्यांच्या एका धर्मवचनात 'गरम पेयं' वर्ज्य सांगितली आहेत आणि त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावतात. चहाच्या रोपाची पानं नकोत, मग तो ग्रीन टी का असेना. मात्र औषधी वनस्पतींचा काढा चालतो. म्हणजे गवती चहा, सुंठ, तुळस चालेल. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग नाव चहा असून चालतं आणि चहा असून चालत नाही. बरं आहे." नवरा मात्र हसला नाही. त्याने एक जुनी बातमी शोधून काढली. 2011 च्या मार्चमध्ये बीवायूचा बास्केटबॉल संघ देशात तिसऱ्या क्रमांकावर होता आणि ऐन मोसमात त्यांनी आपला एक प्रमुख खेळाडू संहिता मोडल्याबद्दल संघाबाहेर ठेवला. दुसऱ्याच दिवशी संघ घरच्या मैदानावर हरला. नवऱ्याचं म्हणणं, "हे नुसतं कागदावर नाही, एवढं लक्षात ठेव." मला उलट त्या बातमीने थोडा धीर आला. मोठ्या खेळाडूला एक न्याय आणि साध्या मुलाला दुसरा, असं निदान तिथे झालं नव्हतं.

माझी काळजी वेगळी होती आणि मुलीच्या कुठल्याही आईची असेल. एखाद्या मुलीवर अत्याचार झाला, ती तक्रार करायला गेली आणि उलट तिलाच विचारलं, 'तू त्या वेळी त्याच्या खोलीत का होतीस?' तर? ही माझी कल्पना नव्हती. 2016 मध्ये बीवायूमध्ये यावरूनच गदारोळ झाला आणि तक्रार करणाऱ्या मुलीवर संहितेची कारवाई होणार नाही, अशी सूट विद्यापीठाने मान्य केली. तेव्हापासून प्रत्येक कॉलेजला मी हाच प्रश्न पहिला विचारायला लागले. मेसमध्ये शाकाहारी काय मिळतं, हा दुसरा.

लेकीचा प्रश्न आणखी तिसराच. तिच्या संघातली जवळची मैत्रीण समलिंगी आहे. बीवायूने 2020 च्या फेब्रुवारीत संहितेतलं समलैंगिकतेचं कलम काढलं आणि मार्चमध्ये खुलासा केला, की समलिंगी प्रेमसंबंध तरीही चालणार नाहीत. लेक म्हणाली, "मी चहा सोडीन गं. पण हिला मला भेटायला तिकडे यावंसं वाटेल का?" यावर मला उत्तर सुचलं नाही आणि आजही नाही.

शेवटी बीवायूचा प्रश्न आपोआप निकाली निघाला. भरतीचा फॉर्म भरला, वेळा पाठवल्या. उत्तर सौम्य होतं, पण बोलावणं नव्हतं. तिथे येणाऱ्या मुली लेकीपेक्षा कितीतरी वेगवान. त्यात खेळाडूंना पैसे देण्यावरून चाललेल्या खटल्यातल्या तडजोडीमुळे मोठ्या विद्यापीठांच्या क्रॉस कंट्री संघात 17 जणींचीच मर्यादा येऊ घातलेली, त्यामुळे सगळे प्रशिक्षक बोटांवर मोजत बसले होते. 2024 च्या नोव्हेंबरात बीवायूच्या मुलींनी आणि मुलांनी, दोन्ही संघांनी राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. लेकीने ती शर्यत बघताना टाळ्या वाजवल्या, मग वर जाऊन तासभर दार लावून बसली.

पण त्या वाचनाचा उपयोग झाला. आम्हाला कळलं, की ही कॉलेजं साधारण दोन जातींची. काही फक्त श्रद्धावान ख्रिस्ती मुलांनाच घेतात आणि सहीच्या कागदात आचाराबरोबर श्रद्धाही लिहून मागतात. बाकीची कुणालाही घेतात, पण राहायचं आमच्या नियमाने, म्हणतात. माहितीपत्रकावर दोघांचीही हिरवळ आणि घंटाघर सारखंच, म्हणून आधी हा फरक विचारायचा. आम्ही विचारला नाही आणि ठेच लागली. एका कॉलेजचा प्रशिक्षक दोन महिने दर आठवड्याला फोन करत होता. लेकीच्या वेळा त्याला पाठ. अर्ज उघडला तर आत 'येशूशी असलेल्या तुमच्या नात्याची साक्ष' लिहायची होती आणि पाद्र्याचं शिफारसपत्र जोडायचं होतं. नवरा म्हणाला, "आपल्या देवळातल्या गुरुजींचं चालेल का विचार." प्रशिक्षकाला विचारलं तर तो गप्प, मग म्हणाला, "काहीतरी मनापासून लिही, बघतील." लेकीने अर्ज बंद केला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

पैशाचंही आम्हाला आधी काही कळत नव्हतं. खेळाची शिष्यवृत्ती म्हणजे सगळं फुकट, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. इलिनॉयमधलं व्हीटन कॉलेज नावाजलेलं, पण कॉलेजांच्या खेळाचे तीन विभाग असतात, पहिला सगळ्यात मोठा; व्हीटन तिसऱ्यात आणि त्या विभागात खेळासाठी एक डॉलरही देत नाहीत. (तिथे 2003 पर्यंत कॉलेजच्या आवारात नाचाचा कार्यक्रमही होत नसे, हे कळल्यावर लेकीने त्यांचं पत्रक बाजूला ठेवलं. ती नाचत नाही. पण ठेवलं.) दुसऱ्या विभागात मुलींच्या धावण्याच्या पूर्ण संघाला मिळून जास्तीत जास्त 12.6 शिष्यवृत्त्या. प्रशिक्षक त्या वीस-तीस जणींत तुकडे करून वाटतो. लाडू एक आणि खाणारे वीस, असा हिशोब. बहुतेक ठिकाणी ती वर्षावर्षाने द्यायची आणि पुढच्या वर्षी चालू ठेवणार की नाही, ते 1 जुलैपर्यंत कळवायचं.

असं करत एक कॉलेज राहिलं. मध्य-पश्चिमेतलं, दुसऱ्या विभागातलं, लहान. नाव लिहीत नाही, लेक अजून तिथेच आहे. श्रद्धेची सही नव्हती, आचाराची होती. दारू नाही, वसतिगृहात मुलांच्या खोलीत जाण्याच्या वेळा ठरलेल्या, आठवड्यातून तीन दिवस सकाळी चॅपल, म्हणजे प्रार्थना आणि प्रवचन. तिथे दारात कार्ड टेकवायचं, हजेरी लागते. शर्यतीसाठी बाहेरगावी असाल तर माफ. चहा हवा तेवढा.

ऑक्टोबरात भेटीला गेलो. लेक दोन दिवस संघातल्या मुलींच्या खोलीत राहिली, आम्ही हॉटेलात. संध्याकाळी सरावाआधी सगळ्या मुली गोल करून, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि एकीने प्रार्थना म्हटली. लेकीला काय करावं कळेना, तिने सवयीने हात जोडले. गोलात तिचेच हात खांद्यावर नव्हते. मला दुरून ते बघून पोटात खड्डा पडला. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, शेजारचीने तिचा हात माझ्या खांद्यावर ठेवला होता."

मी माझी यादी काढली. प्रशासनातल्या बाई शांतपणे उत्तरं देत गेल्या. अत्याचाराची तक्रार करणाऱ्या मुलीवर कारवाई नाही, लेखी दाखवलं. नियम मोडला तर पहिल्यांदा समज, दारूसारख्या बाबतीत काही शर्यती बंद, पुन्हा झालं तर शिष्यवृत्तीवर गदा. प्रशिक्षकाला कळलं तर त्याने वर सांगणं बंधनकारक. खोलीत गणपती ठेवला तर? बाई थांबल्या. म्हणाल्या, मूर्तीला हरकत नाही, पण मेणबत्ती, उदबत्ती काही पेटवायचं नाही. मी आता वाद घालणार, तेवढ्यात त्यांनी आगीचा नियम दाखवला. तो सगळ्यांनाच, नाताळातल्या मेणबत्त्यांनाही.

घरी आलो आणि सहीचा कागद फ्रिजवर लावला. नवऱ्याचं मत, सही म्हणजे औपचारिकता, कोण बघतं? मी त्याच्याकडे झुकत होते, खोटं कशाला बोलू. सासूबाईंनी मात्र फ्रिजसमोर उभं राहून मला तो कागद मराठीत वाचून दाखवायला लावला, ओळ न् ओळ. त्या माळकरी आहेत. तीस वर्षं झाली. गळ्यातली तुळशीची माळ चाचपत त्यांनी नातीला सांगितलं, "मी माळ घ्यायला गेले तेव्हा बुवांनी विचारलं, मटण सुटेल का? घरात सगळे खाणारे. मी म्हटलं, आठ दिवस द्या. आठ दिवस रांधलं सगळ्यांसाठी आणि खाल्लं नाही. मग घेतली. तू पण घे आठ दिवस."

लेकीने खरंच आठ दिवस घेतले. रात्री दहाला फोन बंद, रोज सकाळी वीस मिनिटं गप्प बसून कुणाचं तरी प्रवचन ऐकायचं (चॅपलचा सराव म्हणून), आणि त्या शनिवारी मैत्रिणीच्या पार्टीला नकार. पाचव्या दिवशी चिडचिड केली, सहाव्या दिवशी प्रवचन ऐकताना झोपली. त्या समलिंगी मैत्रिणीला मात्र तिने स्वतःहून सगळा कागद वाचायला दिला. दोघी गाडीत बसून बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या, ते मला सांगितलं नाही. नवव्या दिवशी तिने सही केली. खेळ आणि गुण मिळून जे पैसे मिळाले, त्यात साधारण चाळीस टक्के फी भागते. उरलेली आमची.

ऑगस्टमध्ये तिला सोडून आलो. 2025 ची गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी आली. बुधवार म्हणजे चॅपलचा वार. सकाळचा सराव, चॅपल, वर्गातले दोन तास, मग दुपारी तिने फोटो पाठवला. टेबलावर वीतभर गणपती, बॅटरीवरचा दिवा, मेसमधून आणलेलं केळं आणि समोर हिरव्या काड्यांची जुडी. सासूबाईंनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.

"हे कुठलं गवत आहे?" त्यांनी विचारलं. "दूर्वा नाहीत या."

फोन लावला. लेक म्हणाली, "शर्यतीच्या मैदानावरचं आहे, आजी. एकवीस मोजून आणलंय."

"तीन पानांचं बघ," सासूबाई म्हणाल्या. "उद्या पळताना खाली बघत पळ."