तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा तुकड्यावरून पुलाचं काय कळतं?

लॅबमध्ये येणारे बहुतेकजण हेच विचारतात. "एवढा मोठा पूल आणि परीक्षा या नखाएवढ्या तुकड्याची? शितावरून भात?"

तुकडा लहान घेतो, कारण पूल वापरात असतो. फटीग चाचणीत, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण देऊन पोलाद कधी थकून तुटतं ते बघण्याच्या चाचणीत, लागणाऱ्या नेहमीच्या मापाच्या नमुन्यासाठी गर्डरमधून मोठा ठोकळा कापावा लागेल, आणि ती जागा वेल्डिंगने भरली की तडा जायला आपणच नवं ठिकाण करून ठेवलं. त्यापेक्षा कमी ताणाच्या भागावरून पातळ खपली काढली, तर पुलाला इजा होत नाही आणि तिच्यातून बरेच छोटे नमुने निघतात.

मात्र शितावरून भात कळतो, कारण तो सगळीकडे सारखा शिजलेला असतो. पोलाद थकून तुटतं ते त्याच्या सर्वांत वाईट जागी: रिव्हेटच्या भोकाची कड, वेल्डचा काठ, आत अडकलेला धातुमळीचा कण. १५ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळला, ४६ माणसं गेली. सुरुवात झाली ती एका आयबारच्या, म्हणजे टोकाला भोक असलेल्या पोलादी पट्टीच्या, भोकापाशी, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल तड्यातून. छोट्या नमुन्यात असा दोष सापडण्याची शक्यताच कमी, म्हणून असा नमुना पोलादाला आहे त्याहून चांगले गुण देतो. मी सरासरीवर विसंबत नाही. जे नमुने लवकर तुटले, त्यांचे तुटलेले पृष्ठभाग मायक्रोस्कोपखाली आधी बघतो.

खरं कौशल्य तयारीत आहे. वायरकटने, म्हणजे विजेच्या ठिणग्या पाडणाऱ्या तारेने, कापलं की कडेला वितळून पुन्हा गोठलेला, ठिसूळ पापुद्रा राहतो. जाड नमुन्यात तो एक वेळ खपून जाईल, मिलिमीटरभर जाडीत नाही. एमरी पेपरने तो काढायचा, आणि शेवटचे हात लांबीच्या दिशेनेच मारायचे. आडवा ओरखडा राहिला, तर तडा तिथूनच जातो आणि मग आपण पोलाद नाही, आपलं पॉलिश तपासत बसतो. ताण देऊन सोडला की एक फेरी; सेकंदाला दहा फेऱ्यांनी एक कोटी फेऱ्या व्हायला साडेअकरा दिवस लागतात. तयारीत घाई केली तर ते सगळे वाया.

"मग पुलाचं आयुष्य किती उरलं?" हा पुढचा प्रश्न. ते या तुकड्यात नसतं. कमी ताणाच्या भागातून घेतलेल्या पोलादाने जोडांवरचे इतक्या वर्षांचे हेलकावे सोसलेलेच नसतात. पोलाद कोणत्या प्रतीचं आहे, एवढं हा तुकडा सांगतो. प्रत्यक्ष ताण पुलावर स्ट्रेन गेज (पोलाद किती ताणलं जातं ते टिपणाऱ्या छोट्या पट्ट्या) लावून मोजावे लागतात, जोड एकेक करून तपासावे लागतात. बजेट कापताना नेमकी हीच तपासणी आधी वगळली जाते, आणि त्यावर मी दर वेळी भांडतो.